कॉरिडॉरमधला सौदा

न्यू ब्रन्सविकच्या न्यू स्ट्रीटवर मिडलसेक्स काउंटीचे कौटुंबिक न्यायालय आहे. एडिसन, इझलिन, प्लेन्सबरो ही न्यू जर्सीतल्या मराठी माणसांच्या रोजच्या वावरातली गावे याच काउंटीत येतात. चकलीचे पीठ आणि आकाशकंदील जिथे मिळतात त्या दुकानांपासून हे कोर्ट गाडीने फार लांब नाही. तरी आपल्यातल्या बहुतेकांनी ते पाहिलेले नसते, आणि ज्यांना पाहावे लागले ते त्याबद्दल कुणाकडे बोलत नाहीत.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘घर’ हा विषय दिला. मी ठरवले, घरातल्या मारहाणीपासून आणि धमक्यांपासून वाचण्यासाठी कोर्ट जो संरक्षण आदेश देते, त्याच्यामागे जाऊन बघायचे. इथे सगळे त्याला रिस्ट्रेनिंग ऑर्डर म्हणतात. त्या आदेशाने मारणारा घराबाहेर काढला जातो, एवढे बऱ्याच जणांना ऐकून माहीत असते. त्याच आदेशाने त्याची बंदूक जाते आणि कधी कधी नोकरीही जाते, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. या दोन गोष्टींमुळे आदेश मागणाऱ्या बाईच्या डोक्यात जो हिशेब सुरू होतो, तो कुठल्याच निकालपत्रात येत नाही. तो हिशेब कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये चालतो.

दोन खोल्यांच्या मधली जागा

सकाळी सुनावणीच्या दिवशी दारातच रांग लागते. किल्ल्या, पट्टा, मोबाइल प्लास्टिकच्या ट्रेमध्ये टाकायचे, मेटल डिटेक्टरमधून जायचे, पलीकडे पुन्हा पट्टा लावायचा. तक्रारदार बायकांना बसायला वेगळी जागा असते, समोरच्या पक्षाला वेगळी. मधल्या कॉरिडॉरमध्ये शेरिफची गणवेशातली माणसे उभी असतात आणि वकील हातात पिवळे पॅड घेऊन इकडून तिकडे जात-येत असतात.

पीडित स्त्रियांना कोर्टात सोबत करणाऱ्या एका कार्यकर्तीबरोबर मी गेले होते. तिने सोबत केलेल्या एका बाईंच्या परवानगीने मी शेजारी बसले. त्यांची ओळख पटेल असे काही मी इथे लिहीत नाही. बाई भारतीय नव्हत्या. नवरा बँकांची रोकड नेणाऱ्या चिलखती गाडीवर सशस्त्र पहारेकरी होता. त्याने तिचा गळा दाबला होता आणि कपाटातल्या पिस्तुलाची आठवण करून दिली होती. तात्पुरता आदेश मिळाला होता, पोलीस पिस्तूल घेऊन गेले होते, आज अंतिम सुनावणी होती.

त्याचा वकील आला आणि त्याने एक प्रस्ताव ठेवला. बाईंनी अंतिम आदेशाची मागणी सोडावी, त्याबदल्यात नवरा लेखी करार करील की तो घराकडे फिरकणार नाही, फोन करणार नाही, मुलांचा खर्च देईल. न्यू जर्सीत या कराराला सिव्हिल रिस्ट्रेंट्स म्हणतात. त्यात न्यायाधीशाने हिंसेचा निष्कर्ष काढलेला नसतो, राज्याच्या नोंदवहीत नाव जात नाही, बोटांचे ठसे घेतले जात नाहीत आणि बंदुकीवर बंदी येत नाही. म्हणजे त्याची नोकरी शाबूत राहते.

बाईंनी एकच प्रश्न विचारला. तो दारात आला तर पोलीस त्याला नेतील का? त्यांच्या बाजूच्या, कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेच्या वकिलीण बाईंनी सरळ उत्तर दिले : करार मोडला म्हणून नेणार नाहीत, तुम्हाला पुन्हा कोर्टात यावे लागेल. अंतिम आदेश असता तर नेले असते.

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी धाकट्याच्या दम्याच्या औषधांची गोष्ट काढली. आरोग्य विमा नवऱ्याच्या कंपनीचा होता. नोकरी गेली की विमा गेला. त्यांनी करारावर सही केली. न्यायाधीशांनी आत बोलावून, कुणी दबाव आणला का, सगळे समजून करता आहात का, हे नीट विचारले. त्यांनी ‘हो’ म्हटले. तात्पुरता आदेश रद्द झाला.

मी त्यांना दोष देऊ शकत नाही. पण जिवाची किंमत आणि इन्हेलरची किंमत एकाच तागडीत टाकून तोलायला त्यांना भाग पाडले गेले, हे मला आजही मान्य होत नाही.

दहा दिवसांचा कागद आणि कायमचा कागद

न्यू जर्सीचा कौटुंबिक हिंसा प्रतिबंधक कायदा १९९१चा आहे. अर्ज करायला फी नाही. कोर्ट बंद असेल तर रात्री-अपरात्री पोलीस ठाण्यातून न्यायाधीशांशी संपर्क साधून तात्पुरता आदेश मिळू शकतो. त्या वेळी समोरचा माणूस हजर नसतो, एकाच बाजूचे ऐकून आदेश निघतो. म्हणून दहा दिवसांच्या आत दोघांना बोलावून अंतिम सुनावणी ठेवायची, असे कायदा सांगतो. तक्रारीच्या फॉर्मवरच विचारलेले असते : शस्त्र आहे का, कोणते, कुठे ठेवले आहे. ज्या बायकांना सोबत केली जाते त्यांना कार्यकर्त्या पहिल्यांदा हाच रकाना नीट भरायला सांगतात. ‘बेडरूममधल्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात, बुटाच्या खोक्यात’ असे लिहिले असेल तर पोलीस तिथेच हात घालतात. नुसते ‘बंदूक आहे’ लिहिले तर ती शोधण्यात वेळ जातो, किंवा ती सापडतच नाही.

अंतिम सुनावणीत ज्युरी नसते. न्यायाधीश एकटेच असतात. हिंसेचे कृत्य घडले का आणि पुढे संरक्षणाची गरज आहे का, असे दोन प्रश्न ते तपासतात. पुरावा फौजदारी खटल्यासारखा निःसंशय असावा लागत नाही. कुणाचे म्हणणे अधिक संभवनीय वाटते, एवढे बघितले जाते. मराठी दुभाषा हवा असेल तर कोर्ट तो मोफत देते. ही गोष्ट आपल्याकडच्या किती जणींना माहीत असेल?

अंतिम आदेशाला मुदत नसते. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हे चटकन खरे वाटत नाही. कॅलिफोर्नियात असा आदेश साधारण पाच वर्षांपर्यंतचा असतो आणि वाढवून घेता येतो. न्यू जर्सीत तो कोर्टात जाऊन रद्द करून घेतला नाही तर आयुष्यभर चालू राहतो. निघाला की त्या माणसाच्या बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, राज्याच्या नोंदवहीत नाव जाते, ५० ते ५०० डॉलर दंड होतो. आणि बंदूक बाळगायला, विकत घ्यायला बंदी येते. ही बंदी घालायची की नाही, हे न्यायाधीशांच्या मर्जीवर ठेवलेले नाही. आदेशाबरोबर ती येतेच. मला हा या कायद्यातला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटला, कारण तिथे बाईला वेगळे काही मागावे लागत नाही.

बंदूक कोण आणणार?

भारतात बंदूक म्हणजे परवाना, आणि परवाना म्हणजे जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांची सही. शासनाने दिलेली गोष्ट शासन परत घेते. अमेरिकेत बंदूक बाळगणे हा राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीने दिलेला हक्क आहे, आणि तो व्यक्तीचा हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे तो काढून घ्यायचा तर कायदा लागतो, सुनावणी लागते, निष्कर्ष लागतो.

देशभर लागू असलेला असा कायदा १९९४मध्ये आला. जोडीदाराला किंवा मुलाला छळण्यापासून, धमकावण्यापासून रोखणारा आदेश ज्याच्यावर आहे, त्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगणे हा केंद्रीय गुन्हा ठरला. अटी अशा : त्या माणसाला नोटीस मिळालेली असावी, बाजू मांडायची संधी मिळालेली असावी, आणि आदेशात एकतर ‘याच्यापासून धोका आहे’ असा निष्कर्ष असावा किंवा बळाचा वापर करण्यास स्पष्ट मनाई असावी. आज या गुन्ह्याला कमाल शिक्षा १५ वर्षांची आहे. एका राज्यातला आदेश दुसऱ्या राज्यातही चालतो, म्हणजे एडिसनमध्ये मिळालेला आदेश बहिणीकडे टेक्सासला गेलेल्या बाईला तिथेही उपयोगी पडतो.

आदेशाची नोंद एफबीआयच्या यंत्रणेत गेली की दुकानातून नवी बंदूक घेणे अडते. परवानाधारक दुकानात जो फॉर्म भरावा लागतो, त्यात ‘तुमच्यावर असा आदेश आहे का’ हा प्रश्न असतोच. पण या साखळीत कच्चे दुवे आहेत. तीन कामकाजी दिवसांत एफबीआयकडून तपासणीचे उत्तर आले नाही तर केंद्रीय कायद्यानुसार दुकानदार बंदूक देऊ शकतो. खासगी माणसाने दुसऱ्याला विकली तर केंद्रीय कायदा तपासणी मागत नाही. राज्याचा कायदा मागत असेल तरच ती होते. आणि एकत्र न राहिलेल्या, मूल नसलेल्या प्रियकराला १९९४च्या या कलमातली ‘जोडीदार’ची व्याख्या लागू होत नाही.

घरात आधीच असलेली बंदूक हा तर सगळ्यांत अवघड भाग. न्यू जर्सीत पोलीस तात्पुरता आदेश बजावतानाच शस्त्रे ताब्यात घेतात. ती परत द्यायची की नाही, हे ठरवायला काउंटीच्या सरकारी वकिलाला ४५ दिवस असतात. कॅलिफोर्नियात आदेश मिळाल्यापासून २४ तासांत शस्त्रे पोलिसांकडे किंवा परवानाधारक दुकानदाराकडे द्यायची आणि ४८ तासांत त्याची पावती कोर्टात दाखल करायची, असा नियम आहे. सिएटल ज्या किंग काउंटीत आहे, तिथे तर पोलीस आणि सरकारी वकील मिळून याच कामासाठी वेगळे पथक चालवतात. कुणी पावती दिली नाही हे ते स्वतः तपासतात. इतर अनेक ठिकाणी मात्र आदेशात ‘बंदूक ठेवू नये’ असे लिहिले जाते आणि ती आणायला कुणी जात नाही. ज्याच्यावर कोर्टाने विश्वास ठेवायला नकार दिला, त्याच्याच प्रामाणिकपणावर सगळे सोडून दिले जाते.

कागदामागे माणूस उभा नसला तर काय होते, हे कोलोरॅडोतल्या कॅसल रॉकने १९९९मध्ये दाखवले. जेसिका गोन्झालेस यांच्याकडे पतीविरुद्ध आदेश होता. त्याने अंगणात खेळणाऱ्या तिन्ही मुलींना नेले. दहा, नऊ आणि सात वर्षांच्या मुली. आई संध्याकाळपासून पोलिसांना पुन्हा पुन्हा सांगत राहिली, ठाण्यात जाऊन बसली. पहाटे तीन वाजून वीस मिनिटांनी तो स्वतःच ठाण्यावर आला आणि त्याच संध्याकाळी विकत घेतलेल्या पिस्तुलातून गोळ्या झाडू लागला. पोलिसांच्या गोळीबारात तो मेला. गाडीत तिन्ही मुलींचे मृतदेह होते. २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की पोलिसांनी आदेशाची अंमलबजावणी करावी असा घटनात्मक हक्क जेसिका यांना नव्हता.

या देशातल्या ११ शहरांत जॅकलिन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००३मध्ये प्रसिद्ध झाला. मारहाण करणाऱ्या जोडीदाराच्या हाताशी बंदूक असेल तर बाईचा खून होण्याचा धोका पाच पटींहून अधिक वाढतो, असे त्यात दिसले. कोर्टात काम करणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा पाठ आहे.

टेक्सासचा खटला

२०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या एका खटल्यात नवा निकष दिला. बंदुकीवरचा कुठलाही निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी जुळला पाहिजे. अठराव्या शतकात बायकोला मारणाऱ्याची बंदूक काढून घेणारा कायदा कुठे होता? तेव्हा तर मारणे हाच जणू हक्क होता. मग १९९४चा कायदा टिकणार कसा?

हा प्रश्न झॅकी रहीमीच्या खटल्यात आला. टेक्सासमध्ये २०१९च्या डिसेंबरात त्याने पार्किंगच्या जागेत आपल्या मैत्रिणीला, म्हणजे आपल्या मुलाच्या आईला, ओढत गाडीत कोंबले आणि हे बघणारा माणूस दिसताच बंदूक काढून गोळी झाडली. फेब्रुवारी २०२०मध्ये तिला संरक्षण आदेश मिळाला. त्याने तो आदेश लढवला नव्हता. पुढे काही आठवड्यांच्या काळात त्याने पाच ठिकाणी गोळीबार केला, त्यातला एक मित्राचे क्रेडिट कार्ड बर्गरच्या दुकानात चालले नाही म्हणून. पोलिसांनी खोलीची झडती घेतली तेव्हा पिस्तूल, रायफल आणि त्याच आदेशाची प्रत एकत्र सापडली.

कनिष्ठ अपील न्यायालयाने कायदाच घटनाबाह्य ठरवला. २१ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी तो निर्णय फिरवला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिले ते थोडक्यात असे : दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे असे कोर्टाला ज्याच्याबद्दल आढळले, त्याला काही काळ निःशस्त्र करता येते. विरोधात एकटे न्यायमूर्ती थॉमस होते.

रॉबर्ट्स यांनी परंपरेचा जो आधार शोधला तो मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. जुन्या इंग्रजी कायद्यात एखाद्यापासून शांततेला धोका आहे असे दाखवले की मॅजिस्ट्रेट त्याच्याकडून हमीचा बॉण्ड लिहून घेत असे. नवऱ्याविरुद्ध बायकोलाही तो मागता येई. आपल्याकडे तालुक्याच्या गावी ‘चॅप्टर केस’ म्हणून जे चालते, त्याचे मूळ याच कायद्यात आहे. गणपतीच्या आधी किंवा निवडणुकीच्या तोंडावर लोकांकडून जी शांतताहमी लिहून घेतात, तिचाच पूर्वज वॉशिंग्टनमध्ये अमेरिकन बायकांच्या मदतीला आला.

पोलीस, पहारेकरी, सैनिक

आता नोकरी. संरक्षण आदेश दिवाणी असतो. तो गुन्ह्याची शिक्षा नाही, त्यामुळे न्यू जर्सीत साध्या फौजदारी तपासणीत तो सहसा दिसत नाही. पण ज्यांचे पोट शस्त्रावर चालते त्यांना लपायला जागा नसते. चिलखती गाडीवरचा माणूस, बँकेचा बंदूकधारी रक्षक, बंदुकीच्या दुकानातला विक्रेता या सगळ्यांच्या हातात शस्त्र असणे हाच आदेशानंतर गुन्हा होतो. मालकाला त्यांना काढावेच लागते किंवा बिनशस्त्र काम द्यावे लागते.

पोलिसांचे वेगळे. केंद्रीय कायद्यात सरकारी कामासाठी दिलेल्या शस्त्राला सूट आहे, आणि न्यू जर्सीचा कायदाही ड्यूटीवरच्या पोलिसाला व सैन्यातल्या माणसाला या बंदीतून वगळतो. म्हणजे एकाच दिवशी, एकाच न्यायाधीशासमोर, सारख्याच कृत्याबद्दल आदेश निघालेला खासगी रक्षक घरी बसतो आणि पोलीस कायद्याने पिस्तूल लावून ड्यूटीवर जाऊ शकतो. न्यू जर्सीत ॲटर्नी जनरलच्या सूचनांनुसार कौटुंबिक हिंसेच्या तक्रारीनंतर पोलिसांची शस्त्रे काढून घेतली जातात आणि परत देण्याआधी चौकशी होते, हे खरे. पण मुळातली सूट मला पटत नाही. घरात जो धोकादायक, तो गणवेश घालून सुरक्षित होत नाही.

१९९६ची एक दुरुस्ती मात्र कडक आहे. न्यू जर्सीचेच सिनेटर फ्रँक लॉटेनबर्ग यांच्या नावाने ती ओळखली जाते. कौटुंबिक हिंसेच्या किरकोळ गुन्ह्यातही दोषी ठरलेल्याला बंदूक बंद, आणि तिथे पोलीस वा सैनिक कुणालाच सूट नाही. या दुरुस्तीमुळे कित्येकांची कारकीर्द संपली. त्यामुळेच कॉरिडॉरमधला सौदा फौजदारी कोर्टातही चालतो : कलम बदला, दुसऱ्या गुन्ह्याची कबुली देतो.

शस्त्राशी संबंध नसलेल्या नोकऱ्यांनाही झळ बसते. केंद्र सरकारच्या गोपनीय कामासाठी जो लांबलचक फॉर्म भरावा लागतो, त्यात असा आदेश सध्या आहे का, हे विचारतात. नवरा-बायको एकाच गोदामात किंवा एकाच ऑफिसात असतील तर आदेशात तिच्या कामाच्या जागी जायला मनाई असते, म्हणजे त्याचीही तीच जागा बंद. आणि बहुतेक राज्यांत मालक कारण न सांगताही माणसाला काढू शकतो. कॅलिफोर्नियात तर कर्मचाऱ्याच्या रक्षणासाठी मालकच कोर्टातून आदेश आणू शकतो.

तिच्या नोकरीचे काय, हा प्रश्न मागे पडतो. कोर्टात दिवस जातात, तो ऑफिसच्या पार्किंगमध्ये येऊन उभा राहतो, रिसेप्शनवर फोन करतो, आणि कामावरून तिलाच काढतात. न्यू जर्सीत २०१३पासून एक कायदा आहे : २५ किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी पीडितेला वर्षात २० दिवसांपर्यंत बिनपगारी रजा मिळते, वकील गाठायला, डॉक्टरकडे जायला, घर बदलायला. बिनपगारी असली तरी ती आहे, आणि ती मागणाऱ्याला शिक्षा करता येत नाही.

ज्या घराचा व्हिसा एकाच नोकरीवर आहे

मराठी घरांत बंदूक सहसा नसते. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या माणसाला तर केंद्रीय कायद्याने, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले, तर बंदूक बाळगताच येत नाही. पण ग्रीन कार्ड मिळाले, नागरिकत्व मिळाले, उपनगरात घर झाले की आता काही जण नेमबाजीच्या रेंजवर जाऊ लागले आहेत. कार्यकर्तीने मला सांगितले, “ताई, पूर्वी आपल्याकडच्या बाईला बंदुकीबद्दल विचारले की ती हसायची. आता विचारले की कधी कधी गप्प होते.”

बंदूक नसली तरी नोकरी असतेच, आणि आपल्या घरांत आदेश अडतो तो इथेच. नवरा एच-वन-बीवर, बायको एच-फोरवर. तिचा इथे राहण्याचा अधिकार त्याच्या नोकरीला बांधलेला. नोकरी गेली तर दुसरी शोधायला ६० दिवस. म्हणजे त्याच्याविरुद्ध कोर्टात गेल्याने त्याची नोकरी गेली, तर तिचेच पाय उखडतात. वर्षानुवर्षे ग्रीन कार्डच्या रांगेत उभे असलेले कुटुंब असेल तर मुलांची शाळाही त्याच दोरीला लटकलेली.

यातून काही वाटा आहेत, आणि त्या माहीत असाव्यात. एच-फोरवरच्या पीडित पत्नीला स्वतंत्र कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर तिला त्याच्या सहीशिवाय स्वतःचा ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो. गुन्ह्याच्या तपासात मदत केलेल्या पीडितेसाठी यू व्हिसा आहे, मात्र वर्षाला दहा हजारांची मर्यादा असल्याने त्याची रांग फार लांब आहे. हे सगळे सांगणारी ‘मानवी’ ही संस्था न्यू जर्सीत १९८५मध्ये सुरू झाली. अमेरिकेत दक्षिण आशियाई बायकांसाठी अशा प्रकारे काम करणारी ती पहिली.

पुण्याहून आलेला फोन

आदेश निघाला की ‘संपर्क नको’ याचा अर्थ कुठलाही संपर्क नको असा असतो. व्हॉट्सॲपवर ‘मुलाचा ताप उतरला का’ असे विचारणेसुद्धा भंग ठरू शकते, आदेशात तेवढी मुभा दिलेली नसेल तर. दुसऱ्याकरवी निरोप पाठवणेही बंद.

आपल्याकडे इथेच घोटाळा होतो. मुलगा आईला फोन करतो, “आई, तू बोल तिच्याशी, तुझे ऐकेल.” आई पुण्याहून सुनेला फोन लावते, “अगं, चूक झाली त्याच्या हातून. एवढी केस मागे घे, त्याची नोकरी जाईल.” आईच्या मते ती संसार वाचवत असते. कोर्टाच्या दृष्टीने मुलाने आईमार्फत संपर्क साधलेला असतो. न्यू जर्सीत आदेशाचा भंग गुन्हा आहे, १८ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि पुन्हा भंग झाला तर किमान ३० दिवस तुरुंगात काढावेच लागतात. शिवाय जो नागरिक नाही, त्याने हिंसेपासून रक्षण करणारे कलम मोडले असे कोर्टाने नोंदवले, तर केंद्रीय कायद्यानुसार ते हद्दपारीचे कारण होते. त्यासाठी ग्रीन कार्डही ढाल ठरत नाही. मुलाची नोकरी वाचवायला केलेला फोन त्याला देशाबाहेर घालवू शकतो.

समोरच्या टेबलावरचा माणूस

दुसऱ्या बाजूच्या वकिलांशीही मी बोलले. त्यांची मुख्य तक्रार अशी, की एवढे गंभीर परिणाम होणारी सुनावणी काही वेळा तासाभरात आटोपते, समोरच्या माणसाला कोर्ट फुकट वकील देत नाही, आणि भाषेत अडखळणारा माणूस एकटाच उभा राहून आपली बंदूक, घर, कधी नोकरी घालवून बसतो. परदेशातून परतताना विमानतळावर नोंदवहीतल्या नावामुळे ताटकळत बसावे लागते, असेही अशिलांचे अनुभव त्यांनी सांगितले. घटस्फोटात वरचढ ठरायला खोटे अर्ज होतात, हेही.

खोटे अर्ज होत नसतील असे मी म्हणणार नाही. पण त्याचे उत्तर आदेश कठीण करणे हे नव्हे. दोन्ही टेबलांवर वकील द्या, दुभाषा द्या, सुनावणीला पुरेसा वेळ द्या. तिच्याकडेही कित्येकदा वकील नसतो. ज्या माणसाविरुद्ध नीट ऐकून घेऊन निष्कर्ष निघाला, त्याची बंदूक जाण्याबद्दल मला काडीचेही वाईट वाटत नाही. तिच्या जिवाशी ती तोलता येत नाही. नोकरीबद्दल मात्र वाटते, कारण ती गेल्याची शिक्षा पोटगी आटल्याने तिच्यावर आणि मुलांवरही येते. शस्त्राची नोकरी असेल तर बिनशस्त्र काम द्यावे, आरोग्य विमा नवऱ्याच्या नोकरीपासून सोडवावा, पीडितेचा व्हिसा तिच्या स्वतःच्या नावावर करावा. या तीन गोष्टी झाल्या तर न्यू स्ट्रीटवरचा तो सौदा करायची वेळ बऱ्याच जणींवर येणार नाही. यातली एकही गोष्ट न्यायाधीशांच्या हातात नाही. ती कायदेमंडळांच्या हातात आहे, आणि जे इथले नागरिक झाले आहेत त्यांच्या मतात आहे.

तोवर आपल्या मंडळांनी आणि घरांनी एवढे करावे. कुणी मुलगी मध्यरात्री फोन करून सांगेल की तो मारतो आहे, तेव्हा ‘त्याची नोकरी जाईल’ हे वाक्य तिला ऐकवू नका. त्या घरात बंदूक आहे का, ते विचारा, आणि तिला राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक द्या : १-८००-७९९-७२३३. तो दिवसरात्र चालतो आणि दुभाषा मिळतो.